काचेतून प्रकाश किती दूर जातो?

प्रकाशतंतू म्हटले की शाळेत एकच वाक्य शिकवले जाते : पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे प्रकाश तंतूच्या बाहेर न पडता पुढे पुढे जातो. सोबत नागमोडी रेघेची आकृती असते. वाक्य खोटे नाही, पण त्यातून एक सरळ प्रश्न निर्माण होतो आणि तो विचारणारा विद्यार्थी वर्गात असला तर शिक्षकाने आनंद मानावा. पूर्ण आंतरिक परावर्तनाने प्रकाश वळवून नेता येतो हे जिनिव्हाच्या कोलाडॉनने पाण्याच्या धारेत १८४१ साली दाखवले होते. मग प्रकाशतंतूतून टेलिफोनचे बोलणे जायला १९७०चे दशक का उजाडावे लागले? मधली सव्वाशेहून अधिक वर्षे अडले कुठे?

उत्तराची सुरुवात कोलाडॉनच्याच प्रयोगात सापडते आणि तो वर्गात सहज करता येतो. एक लिटरची प्लास्टिकची पारदर्शक बाटली घ्या. तळापासून चार-पाच सेंटिमीटरवर तापलेल्या खिळ्याने गोल, गुळगुळीत कडांचे भोक पाडा. बाटलीत पाणी भरा, खोलीत अंधार करा आणि भोकाच्या बरोबर समोरच्या बाजूने लेसर पॉइंटरचा झोत त्या भोकात सोडा. पाण्याची धार वाकून खाली पडते आणि प्रकाश तिच्याबरोबर वाकतो. धारेखाली हात धरला तर तळहातावर रंगीत ठिपका नाचतो. (पॉइंटर कोणाच्याही डोळ्यांकडे जाणार नाही याची काळजी शिक्षकांनी स्वतः घ्यावी.)

आता मुलांना विचारा, धार बाजूने चमकताना का दिसते? प्रकाश जर पूर्णपणे आत अडकला असेल, तर बाजूला उभे राहणाऱ्याच्या डोळ्यांत तो येतो कसा? धार चमकते ती प्रकाश गळतो म्हणून. पाण्याचा पृष्ठभाग थरथरतो, पाण्यात सूक्ष्म कण असतात, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा प्रकाश बाहेर फेकला जातो. बाटलीत दुधाचे दोन-तीन थेंब टाका. धार जास्त झळाळते, पण तळहातावरचा ठिपका मंदावतो. आणखी थेंब टाकले की ठिपका नाहीसा होतो. परावर्तनाचे नियम तेच, क्रांतिक कोन जवळजवळ तोच. बदलले ते माध्यम. प्रकाशतंतूंचा खरा इतिहास हा या दुधाच्या थेंबांचा इतिहास आहे.

काचेतले दूध

खिडकीची काच समोरून पाहिली तर पारदर्शक दिसते. तिची कड पाहा, म्हणजे काचेच्या रुंदीतून आरपार पाहा. ती हिरवी, गडद दिसते. वाळूबरोबर आलेले लोहाचे अंश तांबडा प्रकाश शोषून घेतात. चार-पाच मिलिमीटर जाडीत ते जाणवत नाही, अर्ध्या मीटरमध्ये ते स्पष्ट दिसते. मग काचेचा एक किलोमीटर लांब धागा केला तर?

हे मोजायला डेसिबेल हे एकक वापरतात. ते अवघड नाही. दर १० डेसिबेलला प्रकाश दहावा हिस्सा उरतो. म्हणून २० डेसिबेल म्हणजे शंभरावा हिस्सा, ३० म्हणजे हजारावा. १९६०च्या दशकाच्या मध्यास चांगल्यातल्या चांगल्या काचतंतूचा ऱ्हास किलोमीटरला सुमारे १००० डेसिबेल होता. म्हणजे शंभरातला एक भाग उरायचा तो अवघ्या २० मीटरवर. वसई रोड स्थानकावर उभ्या असलेल्या लोकलच्या एका डब्याची लांबी एवढीच असते. डब्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोहोचेपर्यंत प्रकाश संपत आला, तर त्यातून चर्चगेटशी कोण बोलणार?

तोवर या तंतूंचा उपयोग नव्हता असे मात्र नाही. पंजाबात मोगा येथे जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर दहा हजारांहून अधिक तंतूंची जुडी बांधली आणि तिच्या एका टोकाला धरलेले चित्र दुसऱ्या टोकाला उमटवले. हे काम जानेवारी १९५४च्या ‘नेचर’मध्ये आले. त्याच अंकात हॉलंडच्या व्हॅन हील यांनी एक छोटी पण मूलभूत कल्पना मांडली : उघडा तंतू वापरू नका, त्याभोवती कमी अपवर्तनांकाचे आवरण द्या. उघड्या तंतूला बोट लागले, धूळ बसली, शेजारचा तंतू टेकला की प्रकाश तिथून निसटतो. आवरण असले की परावर्तनाची सीमा आत सुरक्षित राहते. आज पोटात दुर्बीण घालून तपासणी होते तिची वंशावळ इथपर्यंत जाते. पोटात डोकावायला एक मीटर पुरतो. संदेशवहनाला तो पुरत नाही.

इंग्लंडमध्ये हार्लो येथील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स काव यांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह १९६६ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात नवे यंत्र काहीच नव्हते. त्यात एक प्रश्न नीट विचारलेला होता. हा ऱ्हास काचेच्या मूळ स्वभावामुळे होतो की तिच्यातल्या अशुद्धीमुळे? त्यांनी हिशेब मांडला की दोष बहुतांशी लोह, तांबे अशा धातूंच्या अंशांचा आहे, आणि ते काढता आले तर किलोमीटरला २० डेसिबेलच्या खाली जाता येईल. शंभरातला एक भाग एक किलोमीटरवर उरला तर टेलिफोनच्या कामासाठी तेवढे पुरेसे होते. पुढे काव यांनी शुद्ध वितळसिलिकाचे नमुने मिळवून मोजमापही केले आणि काही डेसिबेलपर्यंतच ऱ्हास असलेली काच जगात आहे हे दाखवून दिले. हे मापन फार नाजूक होते. वीतभर काचेत हरवणारा प्रकाश इतका थोडा, की टोकाच्या पृष्ठभागांवरून होणारे परावर्तन त्याला झाकून टाकते.

अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी १९७० मध्ये किलोमीटरला सुमारे १७ डेसिबेल ऱ्हासाचा तंतू तयार केला. दोन वर्षांत तो ४ पर्यंत आला. १९७९ साली जपानमध्ये ०.२ गाठला गेला. या शेवटच्या आकड्याचा अर्थ असा की शंभरातला एक भाग १०० किलोमीटरवर उरतो. वसईहून निघालेला प्रकाश विरार, पालघर, डहाणू मागे टाकून गुजरातच्या हद्दीत गेला तरी अजून मोजता येतो. जेमतेम पंधरा वर्षांत आपण लोकलच्या डब्यापासून तिथपर्यंत आलो.

वितळवायचे नाही, जाळायचे

इतकी शुद्ध काच कशी करतात? नेहमीची काच वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवून होते. वाळू कितीही धुतली तरी अशुद्धी अब्जात काही भाग एवढी खाली येत नाही, शिवाय भट्टीचे भांडेही काचेत उतरते. कॉर्निंगच्या लोकांनी वितळवण्याचा मार्गच सोडला. सिलिकॉन टेट्राक्लोराइड हा द्रव ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. लोहाचे क्लोराइड उकळायला ३०० अंशांहून अधिक तापमान लागते. म्हणजे या द्रवाची वाफ केली की लोह मागे राहते. दहावीच्या प्रयोगशाळेत शिकवले जाणारे ऊर्ध्वपातन ते हेच, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वांत हुशार पायरी हीच आहे. ही शुद्ध वाफ ऑक्सिजनबरोबर तापवली की सिलिकाची पांढरी, काजळीसारखी भुकटी तयार होते. ती नळीच्या आतल्या बाजूस थराथराने बसवतात, थर तापवून पारदर्शक करतात आणि शेवटी नळी आकसून भरीव दांडा होतो. आतल्या थरांत थोडे जर्मेनियम मिसळले की त्यांचा अपवर्तनांक वाढतो. तो झाला गाभा, बाहेरचे ते आवरण.

या दांड्याचे टोक सुमारे २००० अंशांना मऊ करून उंच मनोऱ्यातून खाली ओढतात. पाक तारेवर आला की बोटांमध्ये धागा निघतो, तसाच हा धागा निघतो. त्याची जाडी १२५ मायक्रोमीटर, म्हणजे एक अष्टमांश मिलिमीटर, काटेकोर ठेवावी लागते. विद्यार्थ्यांना एक गणित घालता येईल : २५ मिलिमीटर व्यासाच्या, एक मीटर लांबीच्या दांड्यापासून किती लांब धागा निघेल? व्यास २०० पटींनी कमी झाला, म्हणून छेदाचे क्षेत्रफळ ४०,००० पटींनी कमी झाले, म्हणून लांबी ४० किलोमीटर. दांड्यात गाभा आणि आवरण यांचे जे प्रमाण असते तेच धाग्यात राहते, हे विशेष. धागा हवेतल्या धुळीला आणि ओलाव्याला भेटण्यापूर्वीच त्यावर प्लास्टिकचा लेप चढवतात, नाहीतर सूक्ष्म ओरखड्यांपासून तो तुटतो. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा येथील कारखान्यांत हे काम चालते. काचेचे दांडे करण्यापासून तंतू ओढण्यापर्यंतची सारी साखळी तिथे आहे.

आता थोडे रंगाविषयी. अशुद्धी सगळी काढली तरी काच पूर्ण पारदर्शक होत नाही. वितळलेली काच थंड होताना तिच्या घनतेत अतिसूक्ष्म चढउतार गोठून जातात आणि त्यांवर प्रकाश विखुरतो. आकाश निळे दिसते त्याच नियमाने हे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून ८५० नॅनोमीटरऐवजी १५५० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश वापरला तर विखुरणे सुमारे ११ पटींनी घटते. मग त्याहूनही लांब तरंग का नको? कारण १६०० नॅनोमीटरच्या पुढे सिलिका स्वतःच प्रकाश शोषू लागते. दोन्ही बाजूंनी चढ आणि मध्ये ही एक खिंड. दूरच्या अंतराचा जगातला जवळजवळ सगळा प्रकाश-संदेश याच खिंडीतून जातो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो निरुपद्रवी आहे असा समज होतो. आता वसई-विरारच्या इमारतींमध्येही जिन्याजिन्यातून पिवळ्या किंवा काळ्या वायरी घरोघरी आल्या आहेत. तुटलेल्या तंतूच्या टोकात डोळा लावून पाहू नये, हे मुलांना जरूर सांगावे.

फास्ट आणि स्लो

ऱ्हास कमी झाला तरी दुसरी एक अडचण उभी राहिली. जाड गाभ्याच्या तंतूत काही किरण सरळ जातात, काही आपटत आपटत. आपटत जाणाऱ्यांचा मार्ग लांब. विरारहून फास्ट आणि स्लो लोकल एकाच क्षणी सोडल्या तर चर्चगेटला त्या एकत्र पोहोचत नाहीत, तसे एकाच स्पंदाचे किरण मागेपुढे पोहोचतात आणि स्पंद पसरतो. गाभा आणि आवरण यांच्या अपवर्तनांकांत एक टक्का फरक असेल तर हा पसारा किलोमीटरला सुमारे ५० नॅनोसेकंद होतो. पाठोपाठ येणारे स्पंद एकमेकांत मिसळतात आणि एक कुठला, शून्य कुठला हे कळेनासे होते. मध्यापासून कडेकडे अपवर्तनांक हळूहळू उतरता ठेवला तर लांबचा मार्ग घेणारा किरण अधिक वेगाने जातो आणि बराच सांधा जुळतो. सुरुवातीचे टेलिफोनचे तंतू अशा प्रकारचे होते. खरा उपाय म्हणजे गाभा इतका बारीक करायचा की आत एकच मार्ग उरेल. असा गाभा आठ-नऊ मायक्रोमीटरचा असतो.

इथे ती नागमोडी रेघ पुसावी लागते. गाभ्याची रुंदी प्रकाशाच्या जेमतेम सहा तरंगलांबींएवढी असेल तर ‘किरण आपटतो’ या भाषेला अर्थ राहत नाही. प्रकाश तरंग म्हणून जातो आणि त्याचा काही भाग आवरणातूनही वाहतो. म्हणूनच गाभ्याइतकेच त्याच्या लगतचे आवरणही शुद्ध लागते. तंतू तीव्र वळवला तर याच बाहेरच्या भागाला वळणाबरोबर टिकता येत नाही आणि तो निसटतो. घरी जोडणी करायला येणारा तंत्रज्ञ लाल प्रकाशाचा पेन तंतूला लावतो. तंतू जिथे नको तितका दुमडलेला असेल तिथे पिवळ्या वेष्टनातूनही लाल ठिपका दिसतो. त्याला तो दोष म्हणून हवा असतो, आपल्याला प्रयोग म्हणून.

प्रकाश पाठवणारे साधनही हवे. खोलीच्या तापमानाला सतत चालणारा अर्धवाहक लेसर रशियात आल्फेरॉव्ह यांच्या आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या गटाने १९७० मध्येच केला. तंतू आणि लेसर एकाच वर्षी तयार झाले, हा योगायोग.

भारतात पहिली प्रकाशतंतू जोडणी झाली ती पुण्यात, १९७९ साली, शहरातल्या टेलिफोन एक्स्चेंजांमध्ये. सुरुवात तिथूनच का, याला कारण आहे. तांब्याच्या जोडीवर एकाच वेळी तीस बोलणी अंकीय पद्धतीने पाठवायची तर दर पावणेदोन-दोन किलोमीटरला जमिनीखाली संकेत पुन्हा उभा करणारे यंत्र लागे. शहरातली एक्स्चेंज एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरवर असतात. तेवढे अंतर तंतू मध्ये कुठेही न थांबता ओलांडतो. पावसाळ्यात पाण्याने भरणाऱ्या खड्ड्यांतील यंत्रांची देखभाल ज्यांनी केली असेल, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

लांब अंतरावर मात्र यंत्रे होतीच. १९८८ साली अटलांटिकखालून गेलेल्या पहिल्या प्रकाशतंतू केबलमध्ये ठरावीक अंतरावर प्रकाशाची वीज करायची, स्पंद दुरुस्त करायचे आणि पुन्हा लेसरने प्रकाश पाठवायचा अशी व्यवस्था होती. हे यंत्र एका ठरावीक गतीसाठी बांधलेले. गती वाढवायची तर समुद्रतळावरची सगळी यंत्रे बदलायला हवीत, जे अशक्य. ही कोंडी १९८७ मध्येच फुटायला सुरुवात झाली होती. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतूच्या गाभ्यात एर्बियम या दुर्मिळ मूलद्रव्याचे अंश मिसळले. ९८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने एर्बियमचे आयन उत्तेजित करता येतात आणि ते सुमारे दहा मिलिसेकंद तसेच राहतात. अणूंच्या जगात हा फार मोठा काळ. तेवढ्यात १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा क्षीण प्रकाश शेजारून गेला की आयन आपली ऊर्जा त्याच्यासारख्याच प्रकाशाच्या रूपाने त्याला देऊन टाकतात. विजेचे रूपांतर नाही, काही नाही. काही मीटर तंतूत प्रकाश शेकडो पटींनी वाढतो.

काच जिथे सर्वाधिक पारदर्शक आहे, नेमके तिथेच एर्बियम प्रकाश वाढवते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. निसर्गाने दिलेली ही निव्वळ भेट आहे. आणि हा वर्धक सगळ्या रंगांना एकदम वाढवतो. त्यामुळे एकाच तंतूतून किंचित वेगळ्या तरंगलांबींचे ऐंशी-नव्वद प्रवाह सोडता येतात. टोकाला बसून गती कितीही वाढवा, समुद्रातल्या वर्धकाला त्याचा पत्ताही नसतो.

मुंबईत हा बदल थोड्या वर्षांत घडला. पुणे जिल्ह्यात आर्वी येथे १९७१ साली उपग्रह भूकेंद्र सुरू झाले, तेव्हा परदेशाचा फोन ३६,००० किलोमीटर वर जाऊन तितकाच खाली येई आणि एका बाजूचे बोलणे पोहोचायला पाव सेकंद लागे. १९९४ मध्ये मुंबईला जोडलेल्या सी-मी-वी-२ केबलमध्ये जुनी वीजयंत्रे होती, १९९७ च्या फ्लॅग केबलमध्ये एर्बियमचे वर्धक आले, १९९९ च्या सी-मी-वी-३ मध्ये अनेक तरंगलांबी. आज अशा कितीतरी केबल वसईच्या दक्षिणेला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीला लागतात. खोल समुद्रात त्या बागेतल्या पाण्याच्या नळीएवढ्याच जाड असतात. उथळ पाण्यात त्यांना पोलादी तारांचे चिलखत घालून तळात पुरतात, कारण जगभरात केबलना होणाऱ्या इजांपैकी बहुतेक इजा मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर यांनी होतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतातल्या इंटरनेटचा मोठा भाग कित्येक दिवस मंदावला. इतके सारे धागे मोजक्याच वाटांनी आणि मोजक्याच किनाऱ्यांवर आणण्यात धोका आहे, तो काचशास्त्राने सुटणारा नाही.

काव यांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला तेव्हा कपानींना डावलले, अशी तक्रार आपल्याकडे झाली आणि अजून होते. कपानींचे काम चित्र नेण्याचे होते, संदेश दूर नेण्याचे नव्हते. ‘फायबर ऑप्टिक्स’ हा शब्द रूढ केला त्यांनीच, त्याचे श्रेय त्यांचेच. पण पारितोषिकात कोणी राहून गेले असेल तर मला आधी कॉर्निंगचे तिघे आठवतात.

२०२५ साली साउदॅम्प्टनच्याच गटाने एका पोकळ तंतूचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्याचा ऱ्हास किलोमीटरला ०.०९१ डेसिबेल आहे. शंभरातला एक भाग २२० किलोमीटरवर उरेल, म्हणजे वसईहून थेट सुरतेपर्यंत. त्याच्या मध्यभागी काच नाहीच, हवा आहे. भोवती अतिशय पातळ काचेच्या नळ्यांचे कडे आहे आणि त्या नळ्यांच्या भिंतींची जाडी अशी नेमकी ठेवली आहे की प्रकाश बाहेर पडू शकत नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, हवेतून जवळजवळ तीन लाख. असे तंतू अजून महाग आहेत आणि जोडायला अवघड. वर्गात मात्र एक प्रश्न लगेच घालता येईल : गाभ्याचा अपवर्तनांक इथे आवरणापेक्षा कमी आहे, तर पूर्ण आंतरिक परावर्तन होईल का?